सड्यावरच्या फुलांचं व्याख्यान सड्यावर का नाही?

कातळकर: आमच्या गावच्या हायस्कुलात परवा 'पठारांची जैवविविधता' असं व्याख्यान झालं, म्हणजे आमच्या सड्यांवरच्या, कातळाच्या पठारांवरच्या जिवांबद्दल. वक्ते अभ्यासू, फोटो सुरेख. गेंद, सीतेची आसवं, दीपकाडी अशी पावसातली रानफुलं, सगळं दाखवलं. कातळावर माती अगदी थोडी, तिच्यातही खत नाही, म्हणून सीतेची आसवं मुळाजवळच्या बारक्या पिशव्यांत पाण्यातले किडे पकडून पोट भरतात, हे मला तिथेच कळलं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "ह्यां खंय उगवता?" उत्तर आलं, "लॅटेराइट पठारांवर." आजोबांनी मान हलवली नि गप्प बसले. लॅटेराइट म्हणजे जांभा, आणि त्यांच्या घराच्या मागे तोच सडा आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही! तेव्हा तो वणव्याने काळा पडला होता. जानेवारीत हॉलमध्ये बोलण्यापेक्षा जुलैत सड्यावर न्या ना लोकांना.

भातवाला_देवगड: जुलैत? आमी लावणी सोडून फुलां बघूक इलंव तर चिखल कोण करतलो? तुमची फुलं नि आमची शेतं एकाच पावसावर चालतात. जानेवारीत बोलावता म्हणून निदान येतो तरी.

रानवाटा: माझाही विरोध, पण कारण वेगळं. कातळाच्या खळग्यात दोन बोटं माती असते. पन्नास माणसं फोटोसाठी गुडघे टेकून बसली की तिथलं सगळं गेलं. आणि संध्याकाळी जागेच्या नकाशासकट फोटो सगळीकडे फिरतात. दीपकाडी कोकण-गोव्याकडच्या सड्यांपलीकडे फारशी कुठे नाही. हॉलमधला फोटो कोणाच्या पायाखाली येत नाही.

कातळकर: पन्नास कशाला? दहा माणसं, तीही गुरांच्या वाटेवरून. आणि सडा तुडवतो कोण म्हणता? फुलं बघणाऱ्यांपेक्षा चिरेखाणीचे ट्रक जास्त तुडवतात.

खाणीशेजारी: आता आलात मुद्द्यावर. आमचा सडा सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी जमीन. तिथे चिरेखाण दिली तर पैसे मिळतात, सुरुंगाने खड्डे पाडून कलमं केली तर आंबा मिळतो. गेंदाचे कोण देणार? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी राखली, 2002च्या सुमारास काम सुरू झालं, पुढे पिल्लं बघायला पाहुणे आले, घरोघरी जेवणाची ताटं वाढली गेली. लोक राखायला लागले ते त्यामुळे. नुसतं ऐकून कोणी काही वाचवत नाही.

कातळकर: ताटं नंतर वाढली. आधी कोणीतरी दारोदार जाऊन 'अंडी नेऊ नका' म्हणून सांगितलंच असेल ना?

मालवणची_लेक: 'नुसतं ऐकून' म्हणणाऱ्यांसाठी आमच्या घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आई बचत गटाबरोबर अशाच एका व्याख्यानाला गेली होती, खरं तर चहा-भज्यांसाठी. पुढच्या पावसात न्हाणीमागचा दगड हलवला तर खाली ओलसर, वळ्यावळ्यांचं, गांडुळासारखं पण जाड काहीतरी. आधी असतं तर तिने कोयती घेतली असती, साप म्हणून. म्हणाली, "थांब, ह्यो देवगांडूळ, बेडकाच्या जातीतलो." दगड परत ठेवला. याच्या भाईबंदातली एक जात शास्त्रज्ञांनी 2003 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ल्यावरून जगापुढे आणली, हे मी नंतर वाचलं. आई वाचणार नाही, तिला ऐकूनच कळलं.

खाणीशेजारी: आईंना नमस्कार. पण देवगांडूळ वाचवायला खर्च नव्हता. सडा राखायला आहे. दोन्ही एकाच मापात घालू नका.

मालवणची_लेक: हे मान्य.

भातवाला_देवगड: माझं एक ऐका. गणपतीच्या आधी दोन-तीन दिवस धरा. लावणी आटपलेली असते, चाकरमानी आलेले असतात, आणि माटवीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या सजावटीसाठी, कवंडळं, शेरवडं, तेरडा अशी रानातली फळं-फुलं आणायला आम्ही रानात जातोच. पोरांना नावं तेव्हा ठाऊक असतात. वक्त्याला सोबत घेऊ, आम्ही दाखवू, मग तो बोलेल. आम्ही बोललो नि त्याने ऐकलं, असं उलट झालं तर बरंच.

रानवाटा: तोवर दीपकाडी संपलेली असते हो. ती पहिल्या पावसातली.

भातवाला_देवगड: मग तिचो फोटो हॉलात दाखवा. बाकी गेंद नि आसवां आमी दाखवतंव.