न सांगितलेलं अंडरबॉडी कोटिंग बिलात

डिचोलीकर: गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. मला न विचारता बिलात अंडरबॉडी कोटिंग (गाडीचा खालचा पत्रा गंजू नये म्हणून मारतात तो थर) लावलंय. घरी वाकून बघितलं तर चाकाच्या आतल्या बाजूला खाणपट्ट्यातली लाल माती तशीच, तिच्यावरच काळा थर! खूप राग आलाय. पैसे परत मिळतील का?

फोंडेकर: मातीवर कोटिंग धरत नाही हो. आधी धुऊन, नीट सुकवून मारावं लागतं, नाहीतर आत ओल राहून पत्रा गंजतो. धुण्याआधी फोटो काढा. जॉब कार्डावर, म्हणजे गाडी देताना कामं लिहून सही घेतात त्या कागदावर, काय काय लिहिलंय?

डिचोलीकर: फक्त ऑइल आणि फिल्टर. खाली माझी सही.

पेडण्याची ताई: मग दादा, मॅनेजरला ईमेलच करा, तोंडी नको. दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.