चार नगरसेवक निवडून आले, आता नेमकं कोणाकडे जायचं?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी, नवी मुंबईत राहते. जानेवारीत मतदान केलं तेव्हा अ, ब, क, ड अशी चार मतं दिली आणि आता आमच्या प्रभागाला चार नगरसेवक आहेत. त्याआधी २०२० पासून कोणीच नव्हतं, सगळा कारभार प्रशासकांकडे, त्यामुळे काम असलं की कुठे जायचं हेच विसरायला झालंय. काम तसं छोटं आहे. आई रोज संध्याकाळी काठी घेऊन समोरच्या गार्डनमध्ये जाते, कोपऱ्यावरचा फुटपाथ इतका उंच की ती आधी काठी वर टेकवते, मग दिव्याच्या खांबाला धरते आणि मग पाय उचलते, तोपर्यंत मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत उभा. तिथे एक रॅम्प हवाय बस. एका नगरसेवकांना फोन केला तर म्हणाले तो पट्टा दुसऱ्यांकडे आहे. असं खरंच वाटून घेतलेलं असतं का?

ठाणेकर_काका
नाही हो ताई. अ, ब, क, ड हे जागांच्या आरक्षणासाठी असतं, प्रभाग अख्खा चौघांचाच. आपसात वाटून घेतलं असेल तर तो त्यांचा प्रश्न. चौघांच्या नावाने एकच अर्ज करा आणि त्याचीच कॉपी विभाग कार्यालयात देऊन शिक्क्याची पोचपावती घ्या, पोचपावतीशिवाय तिथून हलायचं नाही. आमच्या ठाण्यातही असंच, नौपाडा-कोपरीपासून दिव्यापर्यंत ९ प्रभाग समित्या आहेत, रोजची कामं तिथूनच हलतात. आणि एक लक्षात घ्या, रॅम्प करणारा इंजिनिअर आयुक्तांच्या हाताखाली असतो. नगरसेवकाचं काम महासभेत प्रश्न विचारणं, बजेटवर मत देणं, पैसा कुठे गेला ते बघणं. आपण त्यांना गटार नि नळापुरतंच धरतो आणि मग ते पण तेवढ्यापुरतेच राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सहा_नंबर_बस
काकांना अनुमोदन. पण क्षेत्रसभेचं कोणीच बोलत नाही! महापालिका कायद्यात २००९ साली ही तरतूद आली, गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा, नगरसेवकाने बोलवायची आणि दोन वर्षांत किमान चार घेतल्या नाहीत तर पद जाऊ शकतं. मी इतकी वर्षं मतदान करतोय, मला एकदाही बोलावणं आलं नाही. चौघांना लेखी विचारा की पहिली क्षेत्रसभा कधी. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाखांच्या वरच्या शहरांना वॉर्ड समित्या (काका म्हणाले त्याच प्रभाग समित्या) दिल्या, आपल्या कायद्यात त्या समितीवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात, म्हणजे तुमच्या भागात ज्येष्ठांसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था असेल तर तिचा माणूस थेट आत बसू शकतो. हे आपण मागतच नाही.

ऐरोलीकर
कायदा बरोबर आहे पण मी वेगळं सांगतो. आधी तो रस्ता कोणाचा ते बघा, नवी मुंबईत काही जागा सिडकोच्या, काही एमआयडीसीच्या, उगाच तीन महिने चुकीच्या टेबलावर अर्ज पडून राहतो. आणि कागदापेक्षा माणूस जागेवर आणा. आमच्या इथे बायकांनी नगरसेवकांना संध्याकाळी सात वाजता त्या अंधाऱ्या गल्लीतून चालवत नेलं, फक्त चालवलं, बाकी काही बोलल्या नाहीत. दिवे लागले. मोठं काम असेल तर मात्र दिवाळीच्या आसपासच लेखी द्या, कारण आयुक्त साधारण फेब्रुवारीत बजेट स्थायी समितीपुढे ठेवतात, आकडे त्याआधीच ठरत आलेले असतात, मार्चमध्ये जाऊन काय मिळणार. तरी हललं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा महापालिकेचा लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, आहे, अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो.

खाडीकाठची
खूप खूप आभार सगळ्यांचे. अर्ज आजच लिहिला, चौघांची नावं घातली, शेवटी क्षेत्रसभेची तारीख पण विचारलीय. सोसायटीतल्या अजून अकरा जणांनी सह्या केल्या, त्यातल्या दोघी वॉकर घेऊन चालतात. आज त्या फुटपाथची उंची टेपने मोजली, चौदा इंच भरली. चौघांनाही रविवारी संध्याकाळी साडेपाचला गार्डनच्या गेटवर बोलावलंय, आईसोबत पाच मिनिटं चालायला. कोण कोण आलं ते इथेच लिहीन.