भाचीची स्विफ्टी भाषा कळत नाहीये, कुठून सुरुवात करू?

गोंधळलेली_मावशी:
भाची पंधरा वर्षांची, टेलर स्विफ्टची कट्टर फॅन. परवा तिचा मेसेज आला, 'मावशी मला रेड टीव्ही सगळ्यात जास्त आवडतो'. मी आपलं विचारलं किती इंची? तर नुसते जोकरचे इमोजी आले. एखादी यादी वगैरे आहे का कुठे, पाठ करून टाकते.

तेरा_डिसेंबर:
अहो मावशी 😂 टीव्ही म्हणजे टेलर्स व्हर्जन. २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे हक्क, परस्पर विकले गेले, मग तिने ते अल्बम स्वतः पुन्हा रेकॉर्ड करायला घेतले, २०२१ ला फिअरलेसपासून, असे चार आले, रेड त्यातलाच. त्यात 'व्हॉल्ट'ची गाणी असतात, म्हणजे तेव्हा लिहून बाजूला ठेवलेली. यादी पाठ करू नका प्लीज, घोकलेलं लगेच कळतं आम्हाला.

आळशी_श्रोता:
आणि जोकर का ते पण सांगा की त्यांना

तेरा_डिसेंबर:
हो ते राहिलंच. टेलर ड्रेसचा रंग, पोस्टमधली अक्षरं असे क्लू सोडते, ते 'ईस्टर एग'. आम्ही त्यावरून तारखा काढतो, बहुतेक वेळा तोंडावर आपटतो, त्याला 'क्लाउनिंग' म्हणतात. तिच्या रेप्युटेशन अल्बमच्या टीव्हीसाठी तर कित्येक वर्षं वेड्यासारखी वाट बघितली आणि मे २०२५ मध्ये तिने मास्टर्स परत विकत घेतल्याचं सांगताना लिहिलं की तो पाव भागही रेकॉर्ड केलेला नाही. तो दिवस मी विसरणार नाही. तर जोकर ही शिवी नाही, आम्ही स्वतःलाच म्हणतो.

माझा सल्ला, भाचीला विचारा 'तुझा ट्रॅक फाइव्ह कुठला?' प्रत्येक अल्बमचं पाचवं गाणं सगळ्यात हळवं असतं असं आम्ही मानतो. तासभर बोलेल.

आळशी_श्रोता:
मी म्हणेन मण्यांचं ब्रेसलेट करून द्या. टेलरच्या एका गाण्यातल्या ओळीवरून तिच्या इराज टूरच्या कॉन्सर्टमध्ये सगळे एकमेकांना द्यायला लागले. अक्षरांचे मणी घ्या, १३ आकडा घालायचाच, टेलरचा लकी नंबर.

गोंधळलेली_मावशी:
विचारलं. एक तास वीस मिनिटं. जेवण गार.
ब्रेसलेटवर 'रेड टीव्ही' करायला घेतलंय, पण पाकिटात व्ही एकच होता आणि तो सोफ्याखाली गेलाय.