‘मृदू’ चुंबकीय मिश्रधातू: मृदू कशाच्या बाबतीत?

प्रश्न: ‘ही मृदू चुंबकीय फीत कापताना पात्याची धार जाते.’ या वाक्यात काही चुकतंय का? मृदू वस्तूने धार कशी जाईल?

— वाक्य बरोबर आहे. हा मृदूपणा हाताला लागणारा नाही, चुंबकत्व किती सहज पालटतं त्याचा आहे. लोह ७८, सिलिकॉन ९, बोरॉन १३ (अणुटक्के, म्हणजे शंभर अणूंमागे इतके) या फितीचा व्हिकर्स कडकपणा (हिऱ्याचं टोक दाबून मोजलेला) ९००च्या घरात असतो, पण निग्राही क्षेत्र, म्हणजे चुंबकत्व पुसायला लागणारं उलटं चुंबकीय क्षेत्र, मीटरला जेमतेम काही ॲम्पिअर. निओडिमियम-लोह-बोरॉनच्या कायम चुंबकात तोच आकडा दहा लाखांच्या आसपास जातो. घोळ जुना आहे. पूर्वी कायम चुंबक पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाचे असत आणि चटकन पालटणारं ते मऊ लोखंड. दोन्ही अर्थ एकाच वस्तूत बसायचे. आता बसत नाहीत. ‘चुंबकीयदृष्ट्या मृदू’ असं पूर्ण लिहावं.

— ‘निग्राही क्षेत्र’ऐवजी ‘निग्रह बल’ का नको?

— एकक न्यूटन नाही, ॲम्पिअर प्रति मीटर आहे. चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र, म्हणून ‘क्षेत्र’.

— फितीला ‘धातूची काच’ म्हणतात ते चालेल, पण पारदर्शक नाही हे सांगावं लागतं. मला ‘अस्फटिकी’ बरा वाटतो. रचनेबद्दल नेमकं तेवढंच बोलतो. वितळलेला रस सेकंदाला २०-३० मीटर वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडतात. सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांनी तापमान उतरतं, अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. चाक मंद पडलं की फीत २५ मायक्रॉनांऐवजी जाड होते आणि चाकाला न टेकलेल्या बाजूवर आधी स्फटिक धरतात. म्हणून क्ष-किरण आलेख दोन्ही बाजूंचा घ्यावा. एका बाजूला नुसता पसरट उंचवटा (अस्फटिकी) आणि दुसरीकडे टोकदार शिखरं (स्फटिक), असं सर्रास दिसतं.

— ॲनीलिंगला, म्हणजे तापवून ठेवण्याच्या प्रक्रियेला, ‘मऊ करणे’ हा शब्द इथे साफ फसवतो. ३६०-४०० अंश सेल्सिअसला तास-दोन तास ठेवल्यावर ओतताना अडकलेला ताण सुटतो, निग्राही क्षेत्र घटतं; म्हणजे चुंबकीयदृष्ट्या फीत आणखी मृदू. पण आधी दुमडली तरी न तुटणारी तीच फीत आता बोटांत मोडते! ट्रान्सफॉर्मरसारख्या उपकरणांचा गाभा या फितीने आधी गुंडाळतात आणि मग तापवतात, ते यासाठीच. ‘ताणमुक्ती’ म्हणा.

— आणि ५०० अंशांपुढे गेली की स्फटिक धरून बिघडते, ना?

— ही फीत, हो. पण त्यात १ टक्का तांबं आणि ३ टक्के निओबियम घालून, सिलिकॉन १३.५पर्यंत नेऊन ५५० अंशांना तासभर ठेवली, तर १०-१५ नॅनोमीटरचे कण तयार होतात. तांबं कणांना जागोजागी सुरुवात करून देतं, निओबियम त्यांना वाढू देत नाही. कण इतके बारीक असले की प्रत्येकाची चुंबकत्वाला सोयीची दिशा सरासरीत पुसली जाते आणि निग्राही क्षेत्र मीटरला १ ॲम्पिअरच्याही खाली येतं. कण दुप्पट झाले तर मात्र हा आकडा ६४ पट चढू शकतो. म्हणून नुसतं ‘स्फटिकी’ लिहू नये. ‘नॅनोस्फटिकी’ लिहावं, शेजारी कणाचा आकार द्यावा.