अनुभव लिहा: ऑस्ट्रेलियात डिसेबिलिटी सपोर्टचं काम

एका मैत्रिणीने विचारलं, "बी.कॉम. आहे, नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात आलेय. सपोर्ट वर्कर, म्हणजे अपंग व्यक्तींना रोजच्या जगण्यात मदत करणारी, व्हावं का? घरचे म्हणतात, आयाचं काम करायला तिकडे गेलीस का?" मी एकटीने उत्तर देण्यात अर्थ नाही. या कामात असलेल्यांनी लिहा, सोडलेल्यांनी लिहा. ज्यांच्या घरी सपोर्ट वर्कर येतात त्यांनी तर नक्कीच लिहा.

गोदाकाठ, मेलबर्न

नाशिकला मी सहकारी बँकेत होते. इथे आल्यावर बँकांनी अर्जांना नकारसुद्धा कळवला नाही. शेजारच्या फिलिपिनो बाईंनी या कामाचा सर्टिफिकेट थ्री हा कोर्स सुचवला. वर्गातला भाग सोपा होता, खरं शिकले ते १२० तासांच्या प्लेसमेंटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष जागेवरच्या सरावात. होइस्ट, म्हणजे माणसाला उचलायचं यंत्र, तिथेच पहिल्यांदा हाताळला. स्लिंगची झोळी पाठीखाली सरकवायची, मांड्यांखालून पट्टे घ्यायचे, लूप हुकात अडकवायचे आणि कळ दाबण्याआधी त्या माणसाला सांगायचं, "आता वर घेतेय." तेवढं सांगितलं नाही तर उचललं जातं ते सामान.

मग मिळाले साठीचे एक गृहस्थ. सेरेब्रल पाल्सी. नजरेने अक्षरं निवडायचं यंत्र वापरून बोलत, एकेका वाक्याला वेळ लागे. आपल्याकडे समोरच्याचं अडलेलं वाक्य आपण आपुलकीने पुरं करून देतो. तिथे ते म्हणजे तोंडातला घास काढून घेणं. हात मांडीवर ठेवून गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, असं माझं ठाम मत आहे. कुठल्याही कोर्समध्ये ते पुरेसं शिकवत नाहीत.

त्यांना फुटीचं, म्हणजे इथल्या फुटबॉलचं, वेड. एमसीजी स्टेडियमला ट्रॅमने जायचं, पण लो-फ्लोअर ट्रॅम आणि उंच बांधलेला थांबा दोन्ही जुळले तरच व्हीलचेअर आत जाते, आणि जुने थांबे अजून पुष्कळ आहेत. म्हणून रस्ता आदल्या दिवशीच ठरतो. माझं तिकीट लागत नाही, त्यांच्याकडे सोबत्याचं तिकीट माफ करणारं कंपॅनियन कार्ड आहे. पावसात जायचं की नाही हे तेच ठरवतात. अंदाज सांगणं, कव्हर घेणं एवढंच माझं काम. मग भिजतो दोघंही.

पुढे सर्टिफिकेट फोर केलं, टीम लीडर झाले, आता सपोर्ट कोऑर्डिनेटर आहे. एनडीआयएस ही अपंग व्यक्तींसाठीची सरकारी योजना. तिच्या प्लॅनमधले पैसे कशासाठी, कुठे वापरता येतील हे त्या त्या व्यक्तीबरोबर बसून लावते. बँकेतली सवय शेवटी इथे उपयोगी पडली.

परभणीकर, सिडनी

मी पैशासाठीच आलो, खोटं कशाला बोलू. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. स्लीपओव्हरला रात्री कामाच्या घरीच झोपायचं, त्याचा भत्ता ठरलेला, तासाचा दर नाही.

मी काम करतो त्या घरात अपंगत्व असलेले चार तरुण राहतात. एकाला मोठा आवाज सहन होत नाही, मिक्सर लावण्याआधी सांगावं लागतं. गोळ्या औषधांच्या दुकानातून वेबस्टर पॅकमध्ये, म्हणजे वार-वेळेप्रमाणे कप्पे केलेल्या पाकिटात, येतात, देऊन लगेच सही. नोट्समध्ये "चिडला होता" लिहिलेलं चालत नाही. "७.४० ला दार दोनदा आपटलं, मग हेडफोन लावून खोलीत बसला" असं लिहायचं. कारण तो चिडला होता हे माझं मत, दार आपटलं हे घडलेलं. याने माझा प्रबंधसुद्धा सुधारला!

वडिलांना मात्र "हेल्थकेअर" एवढंच सांगितलंय.

अॅडलेडवासी

उलटी बाजू मी लिहितो. मी सोडलं.

कॅज्युअल काम, म्हणजे तासांची हमी नाही. सकाळी दोन तास, दुपार मोकळी, संध्याकाळी पुन्हा दोन तास, आणि पळापळ आपल्याच गाडीने. आमच्या संस्थेत शिफ्ट आदल्या रात्री रद्द व्हायची. वीकेंडला दर जास्त म्हणून शनिवार-रविवार घेत गेलो. मुलगी पोहायला शिकली ती मी नसताना. काम वाईट नव्हतं, माणसं तर फारच चांगली होती. पण घरमालक समाधानावर भाडं घेत नाही. वर गोदाकाठताईंनी लिहिलेली शिडी खरी आहे, फक्त पहिल्या पायरीवर किती दिवस काढावे लागतील ते घरात आधी बोलून घ्या.

ब्रिस्बेनची आई

मी पलीकडच्या बाजूची. मुलगा तरुण आहे, डाउन सिंड्रोम. तात्पुरत्या व्हिसावर होतो तोवर एनडीआयएस नव्हतं, पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, झाल्यावर मिळालं. तोपर्यंत सगळं मीच.

पहिल्यांदा मालवणची मुलगी आली तेव्हा वाटलं, बरं झालं, त्याला वरणभात तरी करून घालेल. तिने त्यालाच कुकर लावायला शिकवलं. शिट्ट्या मोजताना गोंधळायचा, म्हणून फ्रीजवर तीन चुंबकं लावली. शिट्टी झाली की एक खाली. तिसरं खाली आलं की गॅस बंद. मी दारात घुटमळायची, तर ती म्हणे, "काकू, तुम्ही जरा बाहेर बसा ना." राग यायचा हो! एकोणीस वर्षं त्याच्या ताटात मी वाढलं आणि ही कालची पोर मला बाहेर बसवते.

दिवाळीला पाकीट दिलं, तिने घेतलं नाही. संस्थेत चालत नाही म्हणाली. फराळ मात्र बसून खाल्ला, आणि चकल्या कडक झाल्यात हेही सांगितलं.

गोदाकाठ, मेलबर्न

ब्रिस्बेनच्या आई, त्या मुलीला आमच्याकडे पाठवा!

मूळ प्रश्नासाठी: सर्टिफिकेट कायद्याने सक्तीचं नाही, पण बऱ्याच संस्था मागतात. एनडीआयएस वर्कर स्क्रीनिंग (पार्श्वभूमीची तपासणी), फर्स्ट एड, दरवर्षी सीपीआर आणि गाडीचा परवाना, याची तयारी ठेवा. कोर्सला पैसे भरण्याआधी प्लेसमेंट कोण शोधून देणार ते लेखी घ्या. काही ठिकाणी ते विद्यार्थ्यावरच ढकलतात. आणि मुलाखतीत "मला लोकांची सेवा करायला आवडते" म्हणू नका, सगळे तेच म्हणतात. सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यावर त्यांना स्वतःच्या हाताने जेवता यावं म्हणून काय काय केलंत, असलं काही असेल तर ते सांगा.