कॉलर माइकच्या बारीक तारा सोल्डर करण्यासाठी कोणते आयर्न आणि कोणती पद्धत वापरावी?

नमस्कार.

आमच्या नाट्यगटाकडे वायरलेस कॉलर माइकचे सहा संच आहेत. त्यांपैकी चार माइकची वायर प्लगच्या तोंडाशी आतून तुटली आहे. कॅप्सूल (आवाज टिपणारे माइकचे टोक) शाबूत आहेत, कारण तुटलेल्या जागी वायर बोटांनी दाबून धरली की आवाज स्वच्छ येतो. म्हणून खराब तुकडा कापून उरलेली वायर नव्या चार पिनांच्या मिनी एक्सएलआर प्लगला (ध्वनियंत्रणेच्या नेहमीच्या गोल एक्सएलआर प्लगची छोटी आवृत्ती) जोडायचे मी ठरवले आहे. नेहमीच्या मोठ्या एक्सएलआर केबल मी बरीच वर्षे सोल्डर करत आलो आहे, पण हे काम हाताला वेगळेच लागते.

वायर बाहेरून जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची आहे. आवरण सोलले की शील्डची जाळी, केसासारख्या तारांचे दोन इन्सुलेटेड गाभे आणि वायरीला ताण सोसता यावा म्हणून घातलेले पिवळसर अ‍ॅरॅमिड धागे दिसतात. हे धागे कात्रीखाली पिंजतात आणि तांब्याच्या तारांत अडकून बसतात. एका माइकमध्ये तर गाभ्याच्या तारांवर सोल्डर बसतच नाही, थेंब होऊन घरंगळते.

नाजूक कामाला कमी उष्णता बरी, या समजुतीने मी 25 वॅटचे साधे आयर्न आणि सुईसारखे टोकदार बिट (आयर्नचे तापणारे टोक) घेतले. पिनला बिट टेकवून सात-आठ सेकंद झाले तरी सोल्डर पसरेना, आणि पसरले तेव्हा पिनभोवतीचे प्लॅस्टिक मऊ होऊन पिन तिरकी झाली होती. गाभ्याचे इन्सुलेशनही मागे सरकले. तो माइक चालतो, पण नटाने मान वळवली की खरखरतो, आणि रंगमंचावर एखाद्याचे वाक्य असे तुटलेले ऐकताना मला फार वाईट वाटते. उरलेल्या तीन माइकवर तीच चूक करायची नाही. तरी आयर्नचे वॅट, बिटचा आकार, तापमान आणि सोल्डरचा प्रकार यांविषयी, तसेच हे धागे आणि सोल्डर न धरणाऱ्या तारा यांचे काय करावे याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद 1

आपला मूळ समजच उलटा आहे, आणि तो अनेकांचा असतो. प्लॅस्टिक वितळते ते पिनला बराच वेळ उष्णता मिळत राहिल्यामुळे. कमकुवत आयर्नचे बारीक टोक पिनला टेकताच थंड पडते आणि पिन तापेपर्यंत उष्णता प्लॅस्टिकपर्यंत पोहोचलेली असते. तापमान नियंत्रित करणारे 60 वॅटच्या आसपासचे स्टेशन घ्या, त्याला दीड मिलिमीटर रुंदीचे छिन्नीसारखे सपाट बिट लावा आणि तापमान 330 ते 350 अंश सेल्सिअस ठेवा. सांधा दीड-दोन सेकंदांत झाला पाहिजे. नाही झाला, तर थांबून पिन निवू द्यावी आणि मग पुन्हा प्रयत्न करावा.

सोल्डर 63/37 प्रमाणातले (63 टक्के कथील, 37 टक्के शिसे), रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून धातू साफ करणारा राळेचा पदार्थ) असलेले आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे घ्या. ते 183 अंशांवर एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे गोठताना तार हलून सांधा कच्चा राहण्याचा धोका कमी होतो. शिसेविरहित सोल्डरला साधारण 217 अंशांच्या वर जावे लागते, म्हणून या कामाला मी ते टाळतो. शिशामुळे काम झाल्यावर हात मात्र नीट धुवावेत. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स अजिबात वापरू नये, तो पुढे तारा खातो.

पिना तिरक्या होऊ नयेत म्हणून सोल्डर करताना प्लगमध्ये त्याच्या जोडीचा सॉकेट खोचून ठेवा. तो पिना सरळ धरतो आणि थोडी उष्णताही ओढून घेतो. पिनच्या वाटीत आधी सोल्डर भरा, तारही वेगळी टिन करा (तिच्यावर आधीच सोल्डरचा पातळ थर चढवा), मग वाटीतले सोल्डर वितळवून तार आत बुडवा आणि गोठेपर्यंत हात हलू देऊ नका. हे सगळे करण्यापूर्वी प्लगचे कवच, रबरी बूट आणि श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) वायरीत ओवले आहेत ना, हे एकदा पाहा. नाहीतर झालेला सांधा पुन्हा उसवावा लागतो.

सोल्डर न धरणाऱ्या तारांवर बहुधा एनॅमलचा (इन्सुलेशन म्हणून दिलेल्या पातळ वार्निशचा) थर असतो. बिटवर सोल्डरचा मोठा थेंब घेऊन, तापमान 380 ते 400 अंशांपर्यंत वाढवून, तारेचे टोक त्यात दोन-तीन सेकंद धरले की बहुतेक एनॅमल जळून जाते. धूर निघतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. अ‍ॅरॅमिड धागे वितळत नाहीत, तेव्हा ते वेगळे करून प्लगच्या क्लॅम्पखाली अडकवा आणि उरलेले धारदार कात्रीने कापा. ताण धाग्यांनी आणि बाहेरच्या आवरणाने सोसावा, सांध्याने नव्हे. तारेत सोल्डर जितके आत शोषले जाते तितकी ती कडक होते आणि त्या कडेलाच पुढे मोडते. म्हणून टिन केलेला भाग दोन मिलिमीटरपेक्षा लांब ठेवू नये.

प्रतिसाद 2

पिनांची जोडणी मात्र गृहीत धरू नका. प्लग दिसायला सारखा असला तरी निरनिराळ्या उत्पादकांची जोडणी वेगळी असते, आणि काही ठिकाणी दोन पिना आपसांत जोडाव्या लागतात. जुना प्लग कापण्यापूर्वी कोणता रंग कोणत्या पिनला जातो, हे मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (जोडणी अखंड असली की बीप देणारी सोय) तपासून लिहून ठेवा.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सपाट बिटने 340 अंशांवर एक माइक जोडला. चारही सांधे चकचकीत आले आणि प्लॅस्टिक जसेच्या तसे राहिले. मीटर लावून वायर प्लगपाशी सगळीकडे वाकवून पाहिली, बीप एकदाही तुटला नाही. तिरकी पिन असलेला पहिला प्लग उद्या कापून नवा लावणार आहे.