ठिणगी सारायेवोची, सरपण जुनंच

1914 मध्ये बोस्नियातल्या सारायेवो शहरात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजावर झाडलेल्या दोन गोळ्यांनी पहिलं महायुद्ध घडवलं, हे नेहमीचं म्हणणं मला अपुरं वाटतं. बोस्नियाचा कारभार 1878 च्या बर्लिन परिषदेत ऑस्ट्रिया-हंगेरीकडे गेला. 1908 मध्ये त्यांनी तो प्रांत थेट गिळंकृत केला. जपानकडून नुकताच हरलेला रशिया तेव्हा हात चोळत राहिला आणि बोस्नियावर डोळा असलेल्या, रशियाच्या पाठिंब्यावर विसंबणाऱ्या शेजारच्या सर्बियाच्या मनात ती सल कायमची रुतली. 1914 मध्ये रशिया मागे हटला नाही, त्याचं एक कारण हा जुना अपमान. फ्रान्सला 1871 मध्ये जर्मनीकडे गमावलेल्या आल्सेस-लोरेन प्रांताचं दुःख होतंच.

आम्हा बेळगावकरांना मात्र आणखी एक मूळ दिसायला हवं. तेल. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर येत होतं आणि इराणमधल्या आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना तुर्कांच्या ताब्यातल्या बसऱ्याजवळच (आजच्या इराकमध्ये) होता. 1914 च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानी फौज बसऱ्यात शिरली, त्यामागे हेही होतं. पुढे आजच्या इराकमधल्याच कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी अडकल्या. 29 एप्रिल 1916 ला उपाशी सैन्यानं शस्त्रं ठेवली आणि कित्येक शिपाई कैदेतच मेले. इथल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रावरून जाताना मला सारायेवोआधी कुत आठवतं.